उतारावरून फिल्टरची ऑर्डर कशी ओळखावी

सोलापुरात मकरसंक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा भरते. यंदा यात्रेच्या आधीच्या आठवड्यात साउंड सिस्टिमचा व्यवसाय करणाऱ्या एका परिचितांनी माझ्या टेबलावर एक लहान पेटी आणून ठेवली. पेटीत एका सक्रिय क्रॉसओव्हरचे, म्हणजे आवाज वारंवारितेनुसार विभागून वेगवेगळ्या स्पीकरकडे पाठवणाऱ्या सर्किटचे, बोर्ड होते. त्यावरील आयसींचे क्रमांक खरवडून काढलेले होते, अर्ध्या भागावर काळे राळ ओतलेले होते आणि सर्किटचा कागद कोणाकडेच नव्हता. त्यांच्याकडच्या दोन बोर्डांपैकी एक जळाले होते आणि उरलेल्या बोर्डासारखेच दुसरे तयार करून हवे होते. त्यासाठी आधी एका प्रश्नाचे उत्तर मिळवणे आवश्यक होते : या लो-पास, म्हणजे खालच्या वारंवारिता जाऊ देणाऱ्या आणि वरच्या अडवणाऱ्या, फिल्टरची ऑर्डर किती? आतील घटक मोजणे शक्य नव्हते, त्यामुळे बाहेरून मोजमाप करून, म्हणजे वारंवारिता वाढत जाते तसे आउटपुट किती वेगाने खाली येते हे पाहून, उत्तर काढावे लागले. ती पद्धत येथे सविस्तर मांडत आहे. पदविकेचे विद्यार्थी हा प्रयोग करताना कोठे चुकतात हे मी अनेक वर्षे जवळून पाहिले आहे, म्हणून त्या जागांवर अधिक वेळ थांबणार आहे.

ऑर्डर म्हणजे काय आणि ती उतारात कशी दिसते

फिल्टरच्या ट्रान्सफर फंक्शनमध्ये, म्हणजे इनपुटवरून आउटपुट देणाऱ्या गणिती सूत्रात, जितके पोल (सूत्राचा छेद शून्य करणाऱ्या किमती) असतात, तितकी त्याची ऑर्डर असते. व्यवहारात हा आकडा सर्किटमध्ये स्वतंत्रपणे ऊर्जा साठवणाऱ्या कपॅसिटर आणि इंडक्टर यांच्या संख्येइतका असतो. आयसीच्या पुरवठ्यावर लावलेले बायपास कपॅसिटर या मोजणीत धरायचे नसतात, आणि इनपुटला असलेला कपलिंग कपॅसिटर खालच्या टोकाला स्वतःचा हाय-पास उतार निर्माण करत असल्यामुळे त्याचा हिशोब वेगळा ठेवावा लागतो.

कटऑफच्या, म्हणजे जेथून आउटपुट पडू लागते त्या वारंवारितेच्या, बऱ्याच पुढे गेल्यावर प्रत्येक पोल आउटपुटला दर डेकेडमागे (वारंवारिता दसपट होताना) २० डेसिबल, म्हणजेच वारंवारिता दुप्पट होताना सुमारे ६.०२ डेसिबल, खाली ओढतो. त्यामुळे एक ऑर्डर म्हणजे डेकेडला २०, दोन म्हणजे ४०, तीन म्हणजे ६० डेसिबल असा उतार मिळतो. बेल लॅबोरेटरीजमधील हेंड्रिक बोड यांनी १९३० च्या दशकात असे आलेख सरळ रेषांच्या साह्याने काढण्याची रीत रूढ केली, आणि आपण सेमी-लॉग (एक अक्ष लॉग मापाचा असलेल्या) कागदावर पट्टी ठेवून जो उतार मोजतो तो त्याच रीतीचा उपयोग आहे.

ऑर्डर ही नेहमी पूर्ण संख्या असते, आणि माझ्या मते या संपूर्ण कामातील सर्वांत उपयोगी गोष्ट हीच आहे. अडीच ऑर्डरचा फिल्टर नसतो. उत्तर २.९ आले काय किंवा ३.१ आले काय, ते ३ च असते, म्हणून व्होल्टेज मोजण्यात पाच टक्के चूक झाली तरी निकाल बिघडत नाही. निकाल बिघडतो तो चुकीच्या जागी मोजल्यामुळे. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि स्वस्त सिरॅमिक कपॅसिटरची किंमत त्या उष्णतेत बरीच सरकते, त्यामुळे हिवाळ्यात मोजलेली कटऑफ वारंवारिता उन्हाळ्यात वेगळी येऊ शकते. उतार मात्र तोच राहतो, कारण घटकांची किंमत बदलली तरी त्यांची संख्या बदललेली नसते.

जोडणी

साइन लहर देणारा फंक्शन जनरेटर, दोन चॅनेलचा ऑसिलोस्कोप आणि शक्य असल्यास सेमी-लॉग कागद इतके साहित्य पुरेसे आहे. जनरेटर फिल्टरच्या इनपुटला जोडावा, स्कोपचा पहिला चॅनेल त्याच बिंदूवर आणि दुसरा आउटपुटवर लावावा. जनरेटरच्या पडद्यावर दिसणारे व्होल्टेज गृहीत धरू नये. जनरेटरचा स्वतःचा अंतर्गत रोध बहुधा ५० ओहम असतो आणि फिल्टरचा इनपुट रोध वारंवारितेनुसार बदलतो, त्यामुळे प्रत्यक्ष इनपुटला किती व्होल्टेज पोहोचते हे प्रत्येक वारंवारितेला पाहणे आवश्यक आहे.

ट्रिगर नेहमी पहिल्या चॅनेलवर, म्हणजे इनपुटच्या लहरीवर ठेवावा. आउटपुट मिलिव्होल्टपर्यंत खाली आले की त्याच्यावर ट्रिगर टिकत नाही आणि पडद्यावरचे चित्र पळू लागते. इनपुटवर ट्रिगर असेल तर डिजिटल स्कोपमधील अॅव्हरेजिंगचा उपयोग करता येतो. १६ वेळांची सरासरी घेतल्यास लहरीशी संबंध नसलेला गोंगाट एक-चतुर्थांश होतो, म्हणजे मोजता येण्याची मर्यादा सुमारे १२ डेसिबलने खाली सरकते.

प्रोबची निवडही विचारपूर्वक करावी. एकपट स्थितीतील प्रोब सर्किटवर १ मेगाओहमचा भार आणि सुमारे १०० पिकोफॅरडची धारकता टाकतो. आउटपुटला ऑप-अॅम्प (प्रवर्धक आयसी) असेल तर याचा त्रास होत नाही आणि लहान व्होल्टेज नीट दिसते, म्हणून तेथे एकपट स्थितीच योग्य ठरते. परंतु १० किलोओहमच्या रोधातून थेट आउटपुट घेतलेला असेल, तर तीच १०० पिकोफॅरड धारकता सुमारे १५९ किलोहर्ट्झला आपला एक जादा पोल निर्माण करते, आणि तेथून पुढे आपण फिल्टरची नव्हे तर फिल्टर आणि प्रोब या दोघांची मिळून ऑर्डर मोजत राहतो. अशा ठिकाणी दहापट स्थिती वापरावी.

सुरक्षिततेची एक गोष्ट येथेच सांगतो. स्कोपची ग्राउंड क्लिप वीजपुरवठ्याच्या अर्थिंगला जोडलेली असते. ब्रिज पद्धतीने चालणाऱ्या अॅम्प्लिफायरच्या स्पीकर टर्मिनलला ती लावल्यास आउटपुटचा थेट शॉर्ट होतो, म्हणून तेथे ती कधीही लावू नये.

नोंदी घेणे

प्रथम पासबँडमध्ये, म्हणजे अपेक्षित कटऑफच्या बऱ्याच खाली, आउटपुट मोजून तो संदर्भ म्हणून लिहून ठेवावा. नंतर वारंवारिता हळूहळू वाढवत आउटपुट संदर्भाच्या ०.७०७ पट होईल तो बिंदू शोधावा. ही ३.०१ डेसिबल घटीची जागा होय. यानंतर वारंवारिता दर वेळी दुप्पट करत पुढे जावे. मी समान अंतराने, जसे १, २, ३, ४ किलोहर्ट्झ असे, मोजण्याचा आग्रह सोडायला सांगतो, कारण उतार हा गुणोत्तरावर अवलंबून असतो आणि दुप्पट-दुप्पट केल्याने तो आकड्यांतूनच वाचता येतो.

प्रत्येक वेळी स्कोपची उभी श्रेणी बदलणे अनिवार्य आहे. बहुतेक साध्या डिजिटल स्कोपमध्ये ८ बिटांचा परिवर्तक असतो, म्हणजे पडद्याच्या पूर्ण उंचीत केवळ २५६ पायऱ्या आणि जेमतेम ४८ डेसिबलचा आवाका मिळतो. एकाच श्रेणीवर पूर्ण आलेख काढू पाहणाऱ्याला शेवटचे आकडे पडद्याच्या रेषेच्या जाडीतून अंदाजाने वाचावे लागतात.

वर सांगितलेल्या पेटीला २ व्होल्ट शिखर-ते-शिखर इनपुट दिल्यावर मिळालेल्या नोंदी अशा होत्या.

१०० हर्ट्झ : २.०० व्होल्ट, घट ०
१ किलोहर्ट्झ : १.४१ व्होल्ट, घट ३.० डेसिबल
२ किलोहर्ट्झ : २५० मिलिव्होल्ट, घट १८.१ डेसिबल
४ किलोहर्ट्झ : ३२ मिलिव्होल्ट, घट ३५.९ डेसिबल
८ किलोहर्ट्झ : ४.१ मिलिव्होल्ट, घट ५३.८ डेसिबल
२० किलोहर्ट्झ : १.५ मिलिव्होल्ट, घट ६२.५ डेसिबल

घट काढण्याचे सूत्र असे :

घट = २० × लॉग (इनपुट व्होल्टेज ÷ आउटपुट व्होल्टेज)

येथील लॉग दहाच्या पायाचा आहे. पासबँडमध्ये फिल्टर स्वतःच प्रवर्धन करत असेल, तर इनपुटऐवजी पासबँडमधील आउटपुट अंशस्थानी घ्यावा. उतार काढताना मात्र दोन बिंदूंतील फरकच घ्यायचा असल्याने या निवडीने ऑर्डर बदलत नाही.

उतारापासून ऑर्डरपर्यंत

कोणतेही दोन बिंदू घेऊन पुढील हिशोब करावा :

ऑर्डर = (दुसऱ्या बिंदूची घट − पहिल्या बिंदूची घट) ÷ (२० × लॉग (दुसरी वारंवारिता ÷ पहिली वारंवारिता))

वारंवारिता दुप्पट असेल तर छेद ६.०२ येतो आणि दसपट असेल तर बरोबर २०. आता वरील नोंदींवर हे सूत्र क्रमाने लावू. १ ते २ किलोहर्ट्झमध्ये घट १५.१ डेसिबलने वाढली, म्हणून उत्तर २.५ येते. २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये ती १७.९ डेसिबलने वाढली, म्हणून २.९७. ४ ते ८ किलोहर्ट्झमध्ये पुन्हा जवळजवळ तितकीच, म्हणून २.९६. आणि ८ ते २० किलोहर्ट्झमध्ये ती केवळ ८.७ डेसिबलने वाढली, म्हणून उत्तर १.१ येते.

एकाच फिल्टरची चार उत्तरे आली, आणि त्यांपैकी कोणती मानायची हे ठरवण्यातच या कामाचे खरे कौशल्य आहे. ज्याने फक्त पहिली जोडी घेतली त्याला दोन की तीन हे ठरवता येणार नाही. ज्याने शेवटची जोडी घेतली तो पूर्ण आत्मविश्वासाने एक असे सांगेल. म्हणून माझा नियम असा आहे की, सलग दोन ऑक्टेव्हमध्ये (एक ऑक्टेव्ह म्हणजे वारंवारिता एकदा दुप्पट होणे) उत्तर सारखे आल्याशिवाय ते उत्तर मानायचे नाही. येथे २.९७ आणि २.९६ ही दोन सलग उत्तरे जुळतात, म्हणून ऑर्डर ३.

पहिल्या जोडीत उत्तर कमी का आले, याचे कारण कटऑफजवळच्या वळणात आहे. तेथे आलेख अजून सरळ रेषेवर आलेला नसतो. १९३० साली स्टीफन बटरवर्थ यांनी मांडलेल्या आणि त्यांच्याच नावाने ओळखल्या जाणाऱ्या फिल्टरमध्ये कटऑफपासून पहिल्या ऑक्टेव्हमधील घट पहिल्या ऑर्डरला सुमारे ४.०, दुसऱ्या ऑर्डरला ९.३ आणि तिसऱ्या ऑर्डरला १५.१ डेसिबल असते, म्हणजे अपेक्षित ६, १२ आणि १८ पेक्षा प्रत्येक वेळी सुमारे २ ते ३ डेसिबलने कमी. पुढच्याच ऑक्टेव्हमध्ये हे आकडे ५.३, ११.८ आणि १८.० असे होतात. म्हणून कटऑफ सोडून किमान एक ऑक्टेव्ह, आणि जागा असेल तर पूर्ण डेकेड पुढे जाऊन मोजावे.

तळाचा गोंगाट

२० किलोहर्ट्झला या फिल्टरचे खरे आउटपुट ०.२६ मिलिव्होल्टच्या आसपास असायला हवे होते. पडद्यावर १.५ मिलिव्होल्ट दिसत होते, कारण ते फिल्टरचे आउटपुट नव्हतेच. तो स्कोपचा, तारांचा आणि परिसराचा गोंगाट होता. आमच्याकडे पूर्वभागात यंत्रमाग शेजारच्याच भिंतीपलीकडे असतात आणि त्यांच्या मोटारी सुरू-बंद होताना टेबलावरच्या मोकळ्या तारांत येणारे धक्के स्कोपवर स्पष्ट दिसतात, त्यामुळे हा भाग मी विशेष जपून करतो.

कोणतेही मोजमाप सुरू करण्यापूर्वी जनरेटरचे आउटपुट बंद करून स्कोपवर काय उरते ते लिहून ठेवावे. तो आपला तळ. ज्या नोंदीतील व्होल्टेज या तळाच्या किमान अडीचपट नाही, ती नोंद उतारासाठी वापरू नये. तळामुळे काम अडत असेल तर स्टॉपबँडमध्ये, म्हणजे फिल्टर अडवतो त्या पट्ट्यात, इनपुट वाढवता येते. २ ऐवजी १० व्होल्ट दिल्यास १४ डेसिबल अधिक जागा मिळते. मात्र तसे करताना आउटपुट आणि शक्य असल्यास मधल्या टप्प्यांवरची लहरही साइनच राहिली आहे याची खात्री करावी, कारण ऑप-अॅम्प कोठेही कापला जाऊ लागला की तेथून पुढचे सर्व आकडे निरुपयोगी ठरतात.

तळासारखेच दिसणारे, पण कारणाने वेगळे असे आणखी एक वर्तन सॅलन-की प्रकारच्या (एका ऑप-अॅम्पभोवती रोध आणि कपॅसिटर लावून केलेल्या) सर्किटमध्ये आढळते. फार उंच वारंवारितेला ऑप-अॅम्पचा गेन संपतो, त्याचा आउटपुट रोध वाढतो आणि सिग्नल फीडबॅकच्या कपॅसिटरमधून सरळ आउटपुटकडे निसटतो. परिणामी घट एका जागी थांबते आणि पुढे आउटपुट पुन्हा वर चढू लागते. जनरेटर बंद केल्यावर हे चढलेले आउटपुट नाहीसे होते, गोंगाट मात्र तसाच राहतो. या साध्या परीक्षेने दोन्ही कारणे वेगळी करता येतात.

उत्तर खालून येते की वरून

सलग ऑक्टेव्हमधील उत्तरे कोणत्या दिशेने स्थिर होतात हे पाहिले तर ऑर्डरबरोबर फिल्टरचा प्रकारही ओळखू येतो. बटरवर्थ आणि बेसेल प्रकारांत उत्तर खालून वर येते. चेबिशेव्ह प्रकारात ते वरून खाली येते. १ डेसिबल रिपल (पासबँडमधील चढउतार) असलेल्या तिसऱ्या ऑर्डरच्या चेबिशेव्ह फिल्टरमध्ये पासबँडच्या काठापासून पहिल्या ऑक्टेव्हमध्ये घट २१.५ डेसिबलने वाढते, म्हणजे हिशोबाने ऑर्डर ३.५७ येते. पुढे ती ३.२३ आणि नंतर ३.०५ होते. काठाजवळचा तीव्र उतार पाहून असा फिल्टर चौथ्या ऑर्डरचा मानणे ही चूक मी अनेकदा पाहिली आहे. पासबँडमधील चढउतारच तेथे खूण देतात, आणि ते दिसले की पहिल्या ऑक्टेव्हवर विश्वास ठेवू नये.

सर्वांत फसवा प्रकार मात्र साध्या रोध-कपॅसिटरच्या दोन टप्प्यांचा आहे, कारण तो सोपा वाटतो. १० किलोओहम आणि १० नॅनोफॅरडचे दोन सारखे टप्पे मध्ये बफर (पुढच्या टप्प्याचा भार मागच्यावर येऊ न देणारा टप्पा) न ठेवता एकामागे एक जोडले, तर विद्यार्थी १५९२ हर्ट्झला कटऑफ शोधू लागतात. दुसरा टप्पा पहिल्यावर भार टाकत असल्यामुळे प्रत्यक्षात ३ डेसिबलची घट सुमारे ५९६ हर्ट्झलाच येते. दोन्ही पोल एकमेकांपासून दूर ढकलले जातात. एक १५९२ हर्ट्झच्या ०.३८२ पटीवर आणि दुसरा २.६१८ पटीवर जातो, आणि त्यांच्यामधल्या पट्ट्यात आलेख पहिल्या ऑर्डरसारखा वागतो. १५९२ हर्ट्झपासून पुढे दुप्पट करत गेल्यास ऑर्डरची उत्तरे १.१६, १.५२, १.८१ आणि १.९४ अशी क्रमाने येतात. येथे पहिल्या दोन उत्तरांवर थांबणारा माणूस चुकतोच. दर ऑक्टेव्हला उत्तर वाढतच असेल, तर सरळ रेषा अजून आलेली नाही असे समजून पुढे जात राहावे.

फेजची साक्ष

व्होल्टेजवरून आलेल्या उत्तराची पडताळणी फेजवरून, म्हणजे आउटपुटची लहर इनपुटच्या किती मागे राहते त्यावरून, करावी. सर्व पोल असलेल्या लो-पास फिल्टरमध्ये प्रत्येक पोल शेवटी ९० अंशांचा विलंब देतो, म्हणून तिसऱ्या ऑर्डरची मर्यादा २७० अंश असते. बटरवर्थ फिल्टरमध्ये कटऑफला बरोबर त्याच्या निम्मा, म्हणजे ऑर्डरमागे ४५ अंश, विलंब असतो. आमच्या पेटीत १ किलोहर्ट्झला इनपुट आणि आउटपुट यांच्या शून्य-छेदांमध्ये ०.३७५ मिलिसेकंदाचे अंतर आले. आवर्तकाल १ मिलिसेकंद असल्याने ते १३५ अंश होतात, आणि तिसऱ्या ऑर्डरच्या बटरवर्थला हेच अपेक्षित आहे.

४ किलोहर्ट्झला विलंब २४० अंशांच्या आसपास भरला. दुसऱ्या ऑर्डरचा असा फिल्टर १८० अंशांच्या पलीकडे जाऊच शकत नाही, म्हणून व्होल्टेजच्या नोंदी अगदी ढोबळ असत्या तरी या एकाच निरीक्षणाने दोनची शक्यता संपली असती. उलटा करणारा टप्पा असल्यास १८० अंश जादा येतात, म्हणून आधी १०० हर्ट्झसारख्या खालच्या वारंवारितेला लहरी एकाच दिशेने जातात की विरुद्ध, हे पाहून घ्यावे.

जेथे उतार पुरेसा नसतो

बँड-पास फिल्टरमध्ये, म्हणजे मधलाच एक पट्टा जाऊ देणाऱ्या फिल्टरमध्ये, पोल दोन्ही बाजूंना वाटले जातात. एका इंडक्टरचे आणि एका कपॅसिटरचे साधे अनुनादी सर्किट दुसऱ्या ऑर्डरचे असते, पण त्याच्या प्रत्येक बाजूचा उतार डेकेडला २० डेसिबलच असतो. म्हणून दोन्ही बाजूंचे उतार मोजून त्यांची बेरीज करावी. एलिप्टिक आणि व्यस्त चेबिशेव्ह फिल्टरमध्ये स्टॉपबँडमध्ये शून्ये (आउटपुट जेथे जवळजवळ नाहीसे होते अशा वारंवारिता) असतात आणि अंतिम उतार पोल वजा शून्ये इतकाच उरतो, त्यामुळे आलेखात मध्येच खोल खड्डे दिसले तर उतारावरून ऑर्डर काढण्याचा प्रयत्न सोडून द्यावा आणि खड्ड्यांची संख्या व पासबँडमधील चढउतार यांकडे वळावे.

स्पीकरच्या पेटीतील इंडक्टर-कपॅसिटरचा निष्क्रिय क्रॉसओव्हर मोजायचा असेल, तर स्पीकर काढून त्याच्या जागी ८ ओहमचा पुरेशा वॅटचा रोध लावावा. स्पीकरचा रोध वारंवारितेनुसार बदलत असतो आणि तो जोडलेला ठेवून काढलेला उतार क्रॉसओव्हरचा राहत नाही. सक्रिय क्रॉसओव्हरमध्ये डेकेडला ८० डेसिबलचा उतार आणि क्रॉसओव्हरच्या वारंवारितेला ३ ऐवजी ६ डेसिबल घट दिसली, तर तो चौथ्या ऑर्डरचा लिंकविट्झ-रायली प्रकार असण्याची शक्यता मोठी आहे. अशा वेळी ३ डेसिबलचा बिंदू कटऑफ धरून नवे बोर्ड बनवल्यास दोन्ही बाजूंचे स्पीकर वेगवेगळ्या वारंवारितेला एकमेकांकडे काम सोपवू लागतात.

आमच्या पेटीचे दुसरे बोर्ड तिसऱ्या ऑर्डरच्या बटरवर्थप्रमाणे बांधले : एक रोध-कपॅसिटरचा टप्पा, मध्ये बफर, आणि त्यापुढे क्यू (कटऑफजवळ आलेख किती उंचावतो याचे माप) १ असलेला सॅलन-की टप्पा. नंतर दोन्ही बोर्डांना एकाच जनरेटरमधून एकाच वेळी सिग्नल देऊन त्यांची आउटपुट स्कोपच्या दोन चॅनेलवर शेजारी लावली आणि ५०० हर्ट्झपासून ८ किलोहर्ट्झपर्यंत लहरी एकमेकींवर बसतात का हे पाहिले. १ किलोहर्ट्झजवळ थोडा फरक राहिला होता, तो पहिल्या टप्प्यातील रोध बदलून काढला. जुन्या बोर्डाच्या पेटीच्या आतल्या बाजूला आता एक चिठ्ठी चिकटवलेली आहे. तिच्यावर ऑर्डर, ३ डेसिबलची वारंवारिता, कोणत्या दोन ऑक्टेव्हमध्ये उतार मोजला आणि त्या दिवशीचे खोलीचे तापमान, इतके लिहिले आहे.